पदराआडचा अभ्यासक्रम

आषाढ लागला की मराठीच्या प्राध्यापकांना मेघदूताचा ज्वर चढतो. मीही त्याला अपवाद नाही. यंदाही मेघदूताच्या मराठी अनुवादांविषयी बोलताना मी फळ्यावर मेघाला असलेले शब्द लिहीत होते. जलद, नीरद, अंबुद... आणि ओघात लिहून गेले, 'पयोधर'. लिहिताक्षणी मागच्या बाकांवर खोकल्याची साथ आली. पुढच्या बाकांवरच्या मुलींना वहीत एकाएकी काहीतरी फार महत्त्वाचे सापडले. "पय म्हणजे पाणी. ते धारण करतो तो पयोधर, म्हणजे ढग," असे म्हणून मी घाईघाईने पुढच्या शब्दाकडे वळले. पय म्हणजे दूधही, आणि ते धारण करणारे ढगाखेरीज आणखी काही या जगात आहे, हे सांगायचे मी याही वर्षी टाळले. वीस वर्षांत या एका शब्दाचा मी इतका पाऊस पाडला आहे की एखादे धरण भरावे!

नेमका त्याच रात्री ताईचा फोन आला. तिची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मुलगा होऊन चार दिवस झाले होते. ताई म्हणाली, "तू जरा येऊन जा. पोरगी सारखी रडते आहे. मला काही सांगत नाही, तुला सांगेल."

मी गेले. बाळंतिणीच्या खोलीत ओवा-शेपाच्या धुरीचा वास कोंदला होता. पाळण्यात बाळराजे टाहो फोडत होते. टेबलावर जावईबापूंनी आणलेला दुधाच्या भुकटीचा डबा उभा होता, अजून न फोडलेला. आणि भाची पाठ करून बसली होती.

"मावशी, माझं काहीतरी बिघडलंय," ती हळूच म्हणाली. "हात लावून बघ. दगड झालाय दगड. काखेतसुद्धा गाठ आलीय. हा तोंडात धरायला जातो आणि सुटतो. आजी म्हणते दूध साकळलं, आई म्हणते आलंच नाही. मला तर दुसरंच काही वाटतंय." ते 'दुसरेच काही' काय, हे तिने उच्चारले नाही, पण तिच्या डोळ्यांत ते मला स्वच्छ वाचता आले. सव्वीस वर्षांची, इंजिनियर झालेली मुलगी. रात्रभर ती आपल्याला कर्करोग झाला असे समजून जागी होती.

माझी एक मैत्रीण मुलांची डॉक्टर आहे. तिला फोन लावला. तिने सगळे ऐकून घेतले आणि चक्क हसली. "अगं, अभिनंदन कर तिचं! दूध आलंय. प्रसूतीनंतर दोन ते चार दिवसांत असंच येतं, नुसतं दूध नव्हे, रक्त आणि पाणीही तिकडे धाव घेतं. दूध तयार करणारा भाग काखेपर्यंत पसरलेला असतो, म्हणून तिथेही फुगतं." पाजण्याआधी ऊबदार ओल्या फडक्याने शेकावे, बोटांनी थोडेसे दूध काढून स्तनाग्राभोवतीचा भाग मऊ करावा, म्हणजे बाळाला तो नीट तोंडात धरता येतो, आणि पाजून झाल्यावर गार फडके ठेवावे, असे तिने सांगितले. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. ताप आला, एखादा भाग लाल होऊन ठणकू लागला, तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरकडे जावे. मात्र पाजणे आपल्या मनाने बंद करू नये, त्याने दुखणे वाढते. आणि कोणतीही गाठ, पाजून स्तन रिकामा झाल्यावरही तशीच राहिली, आठवडा-दोन आठवडे हलली नाही, तर मूल अंगावर पीत असले तरी ती दाखवून घ्यावी.

अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर बाळाने तोंडात नीट धरले आणि तो लुचू लागला. गटागट गिळल्याचा आवाज खोलीत ऐकू येऊ लागला. भाची दचकून म्हणाली, "मावशी, आतून मुंग्या आल्यासारखं होतंय. आणि दुसऱ्या बाजूनं आपोआप गळतंय!"

"हाच पान्हा," मी म्हणाले. संस्कृत 'प्रस्नव'वरून 'पान्हा' कसा आला, हे मी कितीतरी वेळा फळ्यावर लिहिले आहे. पण तो दोन्ही बाजूंना एकाच वेळी फुटतो आणि पदर भिजवतो, हे कुठल्याही व्युत्पत्तीत सांगितलेले नाही.

पुढचे आठ दिवस मी रोज संध्याकाळी जात राहिले. भाचीची भीड चेपली आणि एकेक प्रश्न बाहेर पडू लागला. मला नवल याचे वाटले की तिला सगळे ठाऊक होते, फक्त हेच नव्हते. गर्भ कितव्या आठवड्यात केवढा होतो, हे तिच्या मोबाईलवर रोज येत असे. कधी डाळिंबाएवढा, कधी पपईएवढा. आपल्या छातीचे काय होणार आहे, हे मात्र तिला कुणी सांगितले नव्हते. दिवस राहिल्यावर पहिल्या महिन्या-दीड महिन्यातच छाती हुळहुळी झाली, तेव्हा तिला पित्त झाले असे वाटले. मग स्तन जड झाले, निळ्या शिरा दिसू लागल्या, स्तनाग्रे आणि त्यांच्याभोवतीची वर्तुळे काळवंडली, रुंदावली, आणि त्यांवर बारीक पुटकुळ्या उठल्या. तिने आपल्या मनाने त्यांना मलम लावले. त्या पुटकुळ्यांना माँटगोमेरी या आयरिश डॉक्टराचे नाव आहे. त्याने १८३७ साली त्यांचे वर्णन लिहून ठेवले. त्यांतून एक तेलकट द्रव पाझरतो, त्याने तिथली कातडी मऊ राहते, आणि त्याचा वास तान्ह्या बाळाला वाट दाखवतो असे म्हणतात. म्हणजे आपल्या भाचीने बाळाच्या दिव्यालाच मलम फासले होते!

सातव्या-आठव्या महिन्यात ब्लाउजवर पिवळसर डाग पडू लागले, तेव्हा ती पुन्हा घाबरली. तो चीक होता. गर्भारपणाच्या मध्यावरच शरीर चीक तयार करू लागते. फक्त वार पडेपर्यंत त्याला आतूनच लगाम घातलेला असतो. वार पडली की तो लगाम सुटतो आणि दोन-चार दिवसांत चिकाचे दूध होते. ही सगळी सिद्धता शरीर कुणाला न विचारता करत असते. बाईला तिच्याच अंगात चाललेल्या कामाची वार्ता नसते.

चिकावरून आठवले. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा वसुबारस तोंडावर आली असेल. सवत्स धेनूची पूजा करून आपण दिवाळीला आरंभ करतो. त्या दिवशी कित्येक बायका दूधदुभते खात नाहीत. वासराचा हक्क पहिला, असे आमची आजी म्हणायची. एरवी मात्र गाय-म्हैस व्यायल्याचे कळले की चिकासाठी आपण रांग लावतो आणि वेलदोड्या-केशराचा खरवस मिटक्या मारीत खातो. गाईच्या चिकाची ही प्रतिष्ठा. आणि बाईचा चीक? तो 'शिळा', 'जड', 'नासका' म्हणून आजही कित्येक घरांत पिळून टाकून देतात आणि बाळाच्या जिभेवर मध टेकवतात. मध एक वर्षाच्या आत मुळीच देऊ नये, असे आता डॉक्टर निक्षून सांगतात. चीक थोडाच असतो, एका वेळी चमचा-दोन चमचे. पण रोगाशी झुंजणारी द्रव्ये त्यात ठासून भरलेली असतात, आणि बाळाचे पोटही तेवढेच इवलेसे असते. जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात ते भाग्य शंभरातील सुमारे बेचाळीस मुलांनाच लाभलेले दिसले. आणि इकडे मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी काढली. अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी तिथे आयांचे दूध साठवतात. एका घरात मोरीत ओतलेले, दुसऱ्या ठिकाणी थेंबाथेंबाने जपलेले! दोन्ही आपल्याच महाराष्ट्रात.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. आजवर ती मी ताईलाही सांगितली नव्हती.

एकोणीस वर्षांपूर्वी माझी मुलगी झाली. सुरुवातीला दूध इतके की दिवसातून तीनदा ब्लाउज बदलावा लागे. सहाव्या आठवड्यात एके दिवशी पाहते तो छाती मऊ. दाटणे नाही, गळणे नाही. मुलगी मात्र घटकेघटकेला रडू लागली होती. माझे दूध आटले, अशी माझी खात्री झाली. जिथे प्रसूती झाली त्या दवाखान्यात विचारले, तर तिथल्या बाईंनी न तपासता, न वजन करता सांगितले, "वरचं चालू करा." मी वरचे चालू केले. बाटली जसजशी वाढली तसतशी मुलगी अंगावर कमी पिऊ लागली, आणि तिसऱ्या महिन्यात दूध खरोखरच आटले. 'मागणी तसा पुरवठा' हे तत्त्व आमच्या अर्थशास्त्राच्या बाई शेजारच्याच वर्गात शिकवत होत्या, पण ते माझ्या पदराआडही लागू आहे, हे मला कोणी सांगितले नाही. सहा ते बारा आठवड्यांत छाती मऊ पडते, ती दूध संपले म्हणून नव्हे; बाळाला लागेल तेवढेच करण्याचे गणित शरीराला जमले म्हणून. मुलाचे वजन वाढते आहे आणि पहिल्या आठवड्यानंतर ते दिवसातून सहा-सात वेळा लंगोट भिजवते आहे, एवढे पाहावे आणि निर्धास्त असावे. छातीच्या आकारावरही दूध ठरत नाही. आकार चरबीचा असतो, दूध ग्रंथींत होते.

माझी मुलगी बाटलीवर वाढली आणि चांगली उंचनिंच, धडधाकट झाली. ज्या आयांना दूध पुरत नाही, ज्यांना आजारपणामुळे किंवा आणखी कशाने पाजता येत नाही, किंवा पाजायचे नाही असे ज्या ठरवतात, त्यांना कुणी बोल लावू नये. मला टोचते ते वेगळेच. मी काहीच ठरवले नव्हते. माझ्या अज्ञानाने माझ्यासाठी ठरवले. आणि त्यानंतर कितीतरी वर्षे माझे शरीर कमी पडले, या समजुतीत मी राहिले. शरीर कमी पडले नव्हते.

भाचीच्या मनातला शेवटचा प्रश्न बारशाच्या दिवशी बाहेर आला. पाहुणे गेले होते. ती आरशासमोर उभी होती. "मावशी, हे पुन्हा पहिल्यासारखं होतं का गं? माझी एक मैत्रीण म्हणते, पाजलं की सगळं ओघळतं. ती म्हणून पाजणारच नाहीये."

"होईल हं पूर्ववत," असे म्हणून तिला फसवणे सोपे होते. मी म्हणाले, "पुष्कळसं होतं, सगळं होत नाही." अंगावरचे तोडले की दूध करणाऱ्या ग्रंथी आक्रसतात आणि त्यांची जागा चरबी हळूहळू भरून काढते. त्याला सहा महिनेही लागतात. तोवर रिकाम्या पिशवीसारखे वाटते. कुणाचे स्तन पूर्वीपेक्षा लहान राहतात, कुणाचे मोठे. दोन बाजू सारख्या राहतीलच असे नाही. वळ फिकट होतात, जात नाहीत. वर्तुळांचा रंग उजळतो, पण बहुधा पहिल्याइतका नाही. मात्र याचा दोष बाळाच्या पिण्याला देणे अन्यायाचे आहे. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातील प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरांनी, आकार सुधारून घेण्यासाठी आलेल्या स्त्रियांची पाहणी करून २००८ साली निष्कर्ष काढला की, स्तन ओघळण्याशी पाजण्या-न-पाजण्याचा संबंध दिसत नाही. संबंध दिसतो तो वयाशी, वजनाशी, किती वेळा दिवस राहिले याच्याशी, स्तनांच्या मूळच्या आकाराशी आणि धूम्रपानाशी. जे ताणायचे ते नऊ महिन्यांच्या भाराने ताणलेलेच असते. तेव्हा त्या मैत्रिणीला म्हणावे, न पाजून तू काही वाचवत नाहीस. उलट लाभच सुटतो. तीस देशांतील सत्तेचाळीस अभ्यास एकत्र करून २००२ साली असे दिसून आले की, दर बारा महिन्यांच्या पाजण्यामागे स्तनांच्या कर्करोगाचा धोका सुमारे चार टक्क्यांनी कमी होतो.

भाची आरशातून म्हणाली, "हे सगळं आधी का नाही कुणी सांगितलं?"

तो प्रश्न घेऊन मी घरी आले. आमच्या लहानपणी वाड्यात तरी कोण सांगत होते? शब्दाने कोणीच नाही. पण आम्ही पाहत होतो. ओट्यावर काकू गहू निवडता निवडता पदराखाली मूल घेऊन बसलेली असे. मावशीची छाती दाटली की आजी फडके गरम करून आणी, ते फडके आम्हीच तिला नेऊन देत होतो. पदर आड होता, पण आडच होता. त्यामागे काय चालले आहे हे पोरीबाळींना कळत होते. आता वाडा गेला, काकू गेली, पदरही गेला. बंद दाराच्या खोलीत एकटी मुलगी आणि तिच्या हातात मोबाईल. दिसणे थांबले आणि बोलणे सुरूच झाले नाही. भाषा म्हणावी तर तीही लाजरी. "अंगावर पाजतेस का?" असे आपण विचारतो. 'अंगावर'! त्या एका शब्दाच्या पोटात आपण मूळ गोष्ट इतकी बेमालूम लपवली की, ती दुखू लागली तर कुठे दुखते ते सांगायला बाईपाशी शब्द उरला नाही. काव्यात पयोधर, केसपेपरावर इंग्रजी नाव, आणि घरात 'इथे'. 'स्तन' हा साधा दोन अक्षरी शब्द घरात उच्चारला म्हणून भिंतींना तडे जाणार नाहीत.

हिरकणीचेच पाहा. कोजागिरीला रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्यासाठी कडा उतरून गेली. या आख्यायिकेवर मी शेकडो निबंध तपासले असतील. सगळ्यांत तिचे धैर्य, तिचे वात्सल्य, महाराजांनी बांधलेला बुरूज. चार-पाच तास तान्ह्यापासून दूर राहिलेल्या बाईची छाती तिन्हीसांजेला कशी ठणकत असेल, दूरवर कुणाचेही मूल रडले तरी चोळी कशी भिजत असेल, हे एकाही निबंधात नाही. आणि कसे असेल? ते मी शिकवलेच नाही. तिला कड्यावरून ओढून नेणारे जे होते त्यात माया होतीच, पण छातीत दाटलेले दूधही होते. आज तिच्या नावाने कचेऱ्यांत, बसस्थानकांवर 'हिरकणी कक्ष' आहेत, ही चांगली गोष्ट झाली. परवा एका बसस्थानकावर मी मुद्दाम तो शोधला. दाराला कुलूप होते आणि काचेतून आत मोडकी बाके रचलेली दिसत होती. बाहेर एक तरुण आई भिंतीकडे तोंड करून पाजत बसली होती.

गणपतीच्या आदल्या दिवशी भाचीचा फोन आला. बाळाला सहावा आठवडा चालू होता. "मावशी, छाती एकदम मऊ पडलीय. आटलं का गं दूध?"

एकोणीस वर्षे उशिरा का होईना, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी होते. "लंगोट किती भिजवतो?" मी विचारले. "अगं, वाळत घालायला दोरी पुरत नाही!" "आणि वजन?" "वाढलंय." "मग डबा तसाच राहू दे. काही आटलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी मोदकांच्या पाऱ्या करता करता मी मुलीला हे सगळे सांगितले, माझ्या सहाव्या आठवड्यासकट. ती खाली मान घालून कळ्या पाडत होती. मला वाटले, कंटाळली. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, म्हणजे तू रडत होतीस तेव्हा?"

"रडत होते."

"मग मला मोठी झाल्यावर तरी सांगायचंस." तिने हातातला मोदक मिटला आणि चाळणीत ठेवला. "पुढच्या वर्षी वर्गात त्या शब्दाचा अर्थ नीट सांग. ढग सगळ्यांना माहीत असतात."

पुढच्या आषाढात सांगेन म्हणते. मागच्या बाकांना खोकायचे असेल तर खोकू द्यावे.